साकाईची पाती, घरचा ओटा

ओसाका शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी वसलेले साकाई हे जपानमधले सुऱ्यांचे सर्वांत नामांकित गाव. जपानी उपाहारगृहांतले आचारी मासा कापायला आणि भाजी चिरायला एकाच बाजूने तासलेली जी पाती वापरतात, त्यांचा मोठा हिस्सा इथल्या भट्ट्यांतून येतो. शतकानुशतके ही पाती व्यावसायिकांच्याच हातात होती. गेल्या चार दशकांत मात्र ती, आणि सेकी, एचिझेन, त्सुबामे या गावांत बनणाऱ्या त्यांच्या नात्यातल्या सुऱ्या, जपानबाहेरच्या घरांत पोचल्या. आवडीने रांधणारी माणसे एका सुरीसाठी मोठी रक्कम मोजू लागली, पोलादाचे प्रकार तोंडपाठ करू लागली आणि सुट्टीच्या दिवशी दगड भिजत घालून धार लावत बसू लागली. हा शौक कुठून आला, हे या सुऱ्यांच्या इतिहासातून कळते.

साकाईत लोखंडकाम जुने आहे. पाचव्या शतकात इथे दाइसेन कोफुन हे सुमारे 486 मीटर लांबीचे दफनटेकाड उभारले गेले. त्यासाठी लागलेल्या कुदळी-फावड्यांपासून आपल्या गावच्या लोहारकामाची सुरुवात झाली, असे तिथली परंपरा मानते. सुऱ्यांच्या धंद्याला खरी चालना मिळाली ती सोळाव्या शतकात. 1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदुका आल्या आणि थोड्याच काळात साकाईचे लोहार त्या बनवू लागले. पोर्तुगीजांच्याच व्यापारातून पुढे तंबाखू आली. जपानी लोक तंबाखू केसासारखी बारीक कातरून लांब दांड्याच्या छोट्या चिलमीत ओढत. इतका बारीक कातर हवा तर पाते पातळ लागे, आणि धारही दिवसभर टिकावी लागे. साकाईच्या लोहारांनी तंबाखू कातरायच्या अशा सुऱ्या घडवल्या आणि त्या इतक्या सरस ठरल्या की तोकुगावा शोगुनशाहीने त्यांवर खास शिक्का मारण्याची मुभा देऊन त्यांच्या विक्रीची मक्तेदारी गावाला दिली. या गावाचे नाव देशभर झाले ते तंबाखूच्या सुरीने, स्वयंपाकाच्या सुरीने नव्हे.

स्वयंपाकाची सुरी त्या कसबातूनच पुढे आली. जाड पाठीची, माशाचे डोके उडवायला आणि काट्यावरून मांस सोडवायला वापरली जाणारी देबा ही सुरी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात साकाईत रुळलेली दिसते. भाजीसाठी पातळ, चौकोनी उसुबा आली आणि कच्च्या माशाच्या कापांसाठी लांब, अरुंद यानागिबा. तिन्हींची घडण एकाच तत्त्वावर आहे: पात्याच्या एका बाजूला उतार, दुसरी बाजू सपाट, आणि त्या सपाट बाजूला मधोमध किंचित खोलगटपणा. खोलगटपणामुळे कापलेला मासा पात्याला चिकटत नाही, आणि धार लावताना दगडाला फक्त कडाच टेकत असल्याने काम हलके होते. यानागिबा टाचेपासून टोकापर्यंत एकाच ओढीत फिरवतात. करवतीसारखी मागेपुढे केली तर मांसाचे तंतू पिंजतात, कापाची चकाकी जाते आणि चवही उतरते. ज्या पाकपरंपरेत मासा शिजवलाच जात नाही, तिथे कापणे हेच रांधणे ठरते आणि सुरीला चुलीइतके महत्त्व येते.

साकाईचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे कामाची वाटणी. एक कारागीर पाते ठोकतो, दुसरा ते तासून त्याला धार देतो आणि तिसरा मूठ बसवतो. या तिघांना व्यापारी एकत्र बांधतो. ठोकणारा आधी नरम लोखंडाची पट्टी तापवतो, तिच्यावर टाकणखार आणि लोखंडाचा कीस भुरभुरतो आणि वर कठीण पोलादाची चीप ठेवतो. पुन्हा तापवून यांत्रिक घणाखाली घातले की दोन्ही एकजीव होतात. पोलाद धार धरते आणि लोखंड त्याला आधार देते. लोखंड नरम असल्याने पुढे दगडावर ते सहज झिजते. भट्टीची खोली मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण तापलेल्या धातूचा रंग उजेडात नीट कळत नाही आणि लोहाराचा सगळा हिशेब त्या रंगावर असतो. आकाराला आलेले पाते गवताच्या राखेत सावकाश निवू देतात, थंड झाल्यावर पुन्हा ठोकतात, मातीचा पातळ लेप देऊन ठरावीक लालीपर्यंत तापवतात आणि पाण्यात बुडवतात. मराठी लोहार पोलादाला पाणी देणे म्हणतो ते हेच. लेपामुळे पाण्याच्या वाफेचा थर पात्याभोवती अडून राहत नाही आणि पाते सगळीकडे सारखे निवते. पाणी दिलेले पाते फार ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो.

इथून पाते धार देणाऱ्याकडे जाते. पाणी देताना ते बहुधा थोडे वाकलेले असते. कारागीर ते डोळ्यांसमोर धरून बाक शोधतो, हातोडीने सरळ करतो, फिरत्या दगडावर थोडे तासतो, पुन्हा सरळ करतो. तासताना बाक परत येत राहतो, त्यामुळे सरळ करण्याचे काम शेवटपर्यंत सुटत नाही. बाजारातल्या दोन सुऱ्यांत पोलाद एकच असूनही चिरताना जो फरक जाणवतो तो बहुतेक वेळा या टप्प्यावर पडतो. शेवटी होनोकी या हलक्या लाकडाची मूठ येते. तिच्या गळ्याशी म्हशीच्या शिंगाचे कडे असते. पात्याचा दांडा तापवून मुठीत ठोकला की लाकूड जळून त्याला घट्ट धरते. मूठ खराब झाली की बदलता येते, कारण पाते मुठीपेक्षा कितीतरी जास्त वर्षे चालायचे, असे यात गृहीतच आहे.

हे सगळे व्यावसायिक आचाऱ्यासाठी होते. जपानी आचाऱ्याच्या सुऱ्या त्याच्या स्वतःच्या असतात, उपाहारगृहाच्या नसतात. काम बदलले की तो त्या गुंडाळून बरोबर नेतो. रोज काम संपल्यावर धार लावणे हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे आणि शिकाऊ पोराला तेही शिकावे लागते. मुळ्याची न तुटणारी, आरपार दिसेल इतकी पातळ लांब पट्टी उसुबाने सोलून काढणे ही उमेदवारीतली नावाजलेली कसोटी आहे. ती सुरीच्या धारेची जितकी, तितकीच हाताची. क्योतोच्या निशिकी बाजारातले आरित्सुगु हे दुकान आपली सुरुवात 1560 सालची सांगते. त्या घराण्याने तलवारींपासून सुरुवात केली आणि पुढे स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी नाव कमावले.

एकोणिसाव्या शतकाने या धंद्याची घडी बदलली. मांसाहारावर शतकानुशतके असलेली बंधने सैल होत गेली आणि 1872 मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. मांस कापायला फ्रेंच आचाऱ्यांच्या सुरीच्या वळणावर, दोन्ही बाजूंनी उतार असलेली ग्युतो तयार झाली. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तलवार घडवणाऱ्या अनेक हातांना दुसरे काम शोधावे लागले. आज विक्रेते प्रत्येक जपानी सुरीची वंशावळ सामुराईच्या तलवारीपर्यंत नेऊन पोचवतात. सेकीसारख्या तलवारींच्या गावाबाबत त्यात बरेच तथ्य आहे, पण साकाईबाबत नाही. तिथल्या स्वयंपाकाच्या सुऱ्या तलवारबंदीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीच नावारूपाला आल्या होत्या. तंबाखूचा बारीक कातर आणि कच्च्या माशाचे काप या दोन गरजांतून हे कसब वाढले. तलवारीची कथा विक्रीला सोयीची असली तरी तिच्याखाली हा खरा, जास्त रंजक इतिहास झाकला जातो.

युरोपात याच काळात वेगळी सुरी रुळली. जर्मनीतल्या झोलिंगेन गावात पेटर हेंकल्स यांनी 1731 मध्ये जुळ्यांचे चिन्ह नोंदवले आणि 1814 मध्ये व्यूस्टहोफ हा कारखाना सुरू झाला. तिथली सुरी जाड, वजनदार आणि तुलनेने नरम पोलादाची असे. कठीणपणाच्या रॉकवेल मापावर आजही ती साधारण 56 ते 58 भरते. नरम धार हाडावर आपटली तर तुटत नाही, नुसती एका बाजूला कलते आणि पोलादी कांडीवर चार वेळा घासली की पुन्हा उभी राहते. घरच्या माणसाला दगडाशी संबंध ठेवावा लागत नाही. 1913 मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी गंज न धरणारे पोलाद बनवले आणि पुढे स्टेनलेस सुऱ्या घराघरांत गेल्यावर तर निगा हा विषयच उरला नाही. जपानमध्येही दुसऱ्या महायुद्धानंतर घरांसाठी सांतोकु ही आखूड, बहुउपयोगी, बव्हंशी स्टेनलेस सुरी सर्वत्र झाली. ती स्वस्त आणि सोयीची होती, तिच्याकडून कोणाच्या फारशा अपेक्षाही नव्हत्या.

व्यावसायिकांच्या सुऱ्यांनी मात्र उलटी दिशा धरली. शिमाने प्रांतातल्या यासुगी इथे, जिथे लोखंडी वाळूपासून पोलाद गाळण्याची जुनी परंपरा होती, हिताची मेटल्सने सुऱ्यांसाठी खास पोलादे बनवली. गुंडाळायच्या कागदाच्या रंगावरून त्यांची नावे पडली. पांढऱ्या कागदाचे शिरोगामी म्हणजे एक-सव्वा टक्का कर्ब असलेले, जवळजवळ निर्भेळ पोलाद. निळ्या कागदाच्या आओगामीत टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेले असते, म्हणून त्याची धार जास्त टिकते. दोन्ही पोलादे 60 च्या वर कठीण होतात आणि दोन्हींना गंज चढतो. लिंबू कापून सुरी ओली ठेवली की काही मिनिटांत डाग पडतात. लोखंडी विळीवर कैरी चिरणाऱ्या घरांना हे नवीन नाही. फुकुई प्रांतातल्या ताकेफु या पोलाद कारखान्याने व्हीजी-10 बनवले. त्यात एक टक्का कर्ब, सुमारे पंधरा टक्के क्रोमियम आणि थोडा कोबाल्ट असतो. गंजाची धास्ती नाही आणि कठीणपणा 60 च्या आसपास, असा मेळ त्यात जमला. घरगुती शौकाचा रस्ता पुढे बराचसा याच पोलादाने मोकळा केला.

जपानी सुरी पश्चिमेत गेली ती आधी आचाऱ्यांच्या पेटीतून. शिझुओ त्सुजी यांनी 1960 मध्ये ओसाकात पाककलेची शाळा काढली आणि पोल बोक्यूझसारख्या फ्रेंच आचाऱ्यांशी तिचे नाते जुळले. लहान, नेटके, कच्च्या पदार्थाची चव राखणारे पदार्थ फ्रान्समध्ये मानाचे ठरू लागले आणि अशा कामाला पातळ सुरी लागते हे उघड झाले. 1982 मध्ये साओरी कावानो यांनी न्यूयॉर्कमध्ये कोरिन हे दुकान सुरू केले. पुढे तिथल्या अनेक आचाऱ्यांनी आपली पहिली जपानी सुरी तिथून घेतली. 1985 मध्ये निइगाता प्रांतातल्या योशिकिन या कारखान्याने कोमिन यामादा यांच्या आराखड्यावरून ग्लोबल ही सुरी बाजारात आणली. पाते आणि मूठ एकसंध पोलादाची, मूठ आतून पोकळ आणि तोल साधण्यासाठी तिच्यात वाळू भरलेली, असे तिचे रूप होते. ती हलकी आणि पातळ होती, शिवाय दिसायला अगदी नवीन होती.

घरच्या माणसाला हे जग दिसले ते वाचनातून आणि दूरचित्रवाणीवरून. जपानचा ‘आयर्न शेफ’ हा स्पर्धेचा कार्यक्रम 1999 पासून अमेरिकेत दिसू लागला. 2000 मध्ये न्यूयॉर्कचे आचारी अँथनी बोर्डेन यांचे ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ आले. त्यात त्यांनी घरी रांधणाऱ्यांना सांगितले की सुऱ्यांचा संच घेऊ नका, एकच चांगली सुरी घ्या, आणि नाव घेतले ग्लोबलचे. 2007 च्या अखेरीस मिशेलिनने टोकियोची पहिली मार्गदर्शिका काढली आणि 150 उपाहारगृहांना मिळून 191 तारे दिले. ही संख्या पॅरिसपेक्षाही जास्त होती. त्यानंतर जपानी स्वयंपाकाची अवजारे हौशी लोकांच्या नजरेत आणखी वर चढली.

अमेरिकेत दुसरा एक प्रवाह याला येऊन मिळाला. विल्यम मोरान या सुरीकाराने 1973 मध्ये थरांच्या नक्षीची, डमास्कस नावाने ओळखली जाणारी पाती नव्याने घडवून दाखवली आणि 1976 मध्ये हाताने सुऱ्या घडवणाऱ्यांची संघटना उभी राहिली. ही पाती प्रामुख्याने शिकारीच्या सुऱ्यांची होती. बॉब क्रेमर या माजी आचाऱ्याने ते कसब स्वयंपाकाच्या सुरीकडे वळवले. त्यांच्या हातच्या सुऱ्यांना मागणी इतकी वाढली की त्या सोडतीने आणि लिलावाने विकल्या जाऊ लागल्या. डमास्कस या नावाचा धागा दख्खनपर्यंत जातो. मध्ययुगात डमास्कसच्या तलवारींसाठी नावाजलेले पोलाद दक्षिण भारतात मुशीत वितळवून तयार होई. निजामाच्या मुलखातल्या कोनासमुद्रम इथे ते विकत घ्यायला एकोणिसाव्या शतकापर्यंत इराणी व्यापारी येत. त्या पोलादावरची नक्षी वितळलेला धातू सावकाश निवताना आपोआप उमटे. आजच्या सुऱ्यांवरची नक्षी दोन जातींच्या पोलादाचे थर जोडून केलेली असते आणि ती बहुधा बाहेरच्या आवरणापुरती राहते. कापते ते मधले साधे पोलाद. नक्षीने धार वाढत नाही, हे जाणकार शौकीनाला माहीत असते आणि तरी ती त्याला आवडते. त्यात गैर काही नाही.

साधन चांगले आहे एवढ्याने शौक तयार होत नाही. झोलिंगेनची सुरीही चांगली असते, पण तिच्याभोवती असा शौक क्वचितच उभा राहिला. फरक कठीण पोलादाच्या स्वभावात आहे. नरम पोलादाला दर बाजूने वीस अंशांची धार द्यावी लागते. कठीण पोलाद पंधरा किंवा त्याहून कमी अंशांवरही कलत नाही, त्यामुळे पाते धारेमागे फार पातळ ठेवता येते. टोमॅटोच्या सालीत ते दाब न देता शिरते. कांद्याच्या पेशी कमी चिरडल्या जातात म्हणून डोळ्यांत पाणीही कमी येते. बोथट सुरीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा अनुभव चकित करतो. पण हीच सुरी हाडावर मारली, गोठलेल्या मांसात घातली किंवा लाल भोपळ्यात पिळली की धारेचे तुकडे उडतात. काचेची पाटी, भांडी धुण्याचे यंत्र आणि ओले बेसिन तिला चालत नाही. आणि काही आठवड्यांत धार मंदावली की कांडीचा उपयोग नसतो. दगड घ्यावाच लागतो.

इथे घरच्या स्वयंपाक्यांच्या दोन वाटा होतात. कोणी सुरी खणात ठेवून जुनीकडे परततो. दुसरा धार लावायला शिकतो, आणि शौकीन तोच होतो. दगड पाण्यात घालून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचा, पाते ठरलेल्या कोनात धरून बोटे धारेशी टेकवायची आणि सावकाश पुढेमागे करायचे. दगडावर करडा चिखल जमतो. तो धुवायचा नाही, कारण काम तोच करतो. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला पेर हलकेच फिरवले की बारीक खरखर लागते. पोलादाची अतिसूक्ष्म किनार त्या बाजूला उलटलेली असते आणि झीज धारेपर्यंत पोचल्याची तीच खूण. मग बाजू बदलायची, 1000 नंबरच्या दगडावरून 3000 वर आणि 6000 वर जायचे आणि ती किनार निघून जाईपर्यंत दाब कमी करत राहायचे. पहिल्या प्रयत्नांत कोन हलतो आणि पात्यावर ओरखडे उठतात. काही दिवसांनी हात स्थिरावतो आणि वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता कापला जातो. घरच्या स्वयंपाकात अशी कामे फार थोडी उरली आहेत, जिथे हाताची प्रगती इतकी स्पष्ट दिसते.

धार लावता आली की पोलादांतला फरकही कळू लागतो. पांढऱ्या कागदाचे पोलाद दगडावर मऊसूत चालते, निळ्याचे थोडे आढेवेढे घेते आणि व्हीजी-10 ची उलटलेली किनार निघता निघत नाही. हे वाचून पटत नाही, हाताला जाणवते. म्हणून दुसरी सुरी येते, मग तिसरी, मग क्योतोच्या खाणींतला नैसर्गिक दगड. त्या खाणी आता जवळजवळ बंद असल्याने तो दगड सुरीपेक्षाही महाग पडू शकतो. ज्या घरांत तयार अन्न सहज मिळते तिथे रोज रांधणे ही सक्ती उरली नाही. जो रांधतो तो बराचसा आवडीने रांधतो, आणि आवडीच्या कामाच्या हत्याराला वेळ देणे त्याला जड जात नाही. ज्या बाईला दोन्ही वेळेला आठ माणसांचे रांधायचे असे, तिला दगडावर तासभर घालवणे परवडणारे नव्हते. हा शौक मोकळ्या वेळातून आलेला आहे हे विसरता येत नाही.

या मागणीने कारागिरांचे कामही बदलले. जपानमधल्या घरांत हाताने घडवलेल्या सुरीचा खप कमी होत होता आणि लोहारांची मुले दुसरीकडे वळत होती. एचिझेनमध्ये काही तरुण लोहारांनी 1980 च्या दशकात एकत्र येऊन नव्या आराखड्यांच्या सुऱ्या मांडल्या आणि 1993 मध्ये ताकेफु नाइफ व्हिलेज ही सामाईक कार्यशाळा उघडली. तिथे आता बाहेरून आलेले उमेदवारही शिकतात. साकाईत पूर्वी गौण मानली जाणारी, दोन्ही बाजूंनी उतार असलेली ग्युतो परदेशी घरांसाठी घडू लागली, कारण एकाच बाजूने तासलेले पाते डावखुऱ्या माणसाला चालत नाही आणि नवशिक्याच्या हातात ते भाजीत तिरके जाते. पात्यावर पूर्वी व्यापाऱ्याचाच शिक्का असे. ठोकणारा आणि धार देणारा कोण हे व्यापारी सांगत नसत, कारण त्यातच त्यांच्या धंद्याचे गुपित होते. परदेशातले गिऱ्हाईक मात्र तेच विचारू लागले. आता साकाईच्या काही पेढ्या सुरीबरोबर लोहाराचे आणि धारवाल्याचे अशी दोन्ही नावे देतात. धार देणारे जे कारागीर उभी हयात नावाशिवाय काम करत आले, त्यांच्या हातच्या सुऱ्यांसाठी आता नाव घेऊन मागणी येते.